सुटं दूध बंद करण्याआधी, मंत्रिमहोदय, एकदा जंतू मोजा

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

सणासुदीच्या तोंडावर भेसळीचं दूध रस्त्यावर ओतल्याचे फोटो पेपरात आले की दोन दिवसांत मागणी सुरू होते: सुटं दूध बंद करा, सगळं दूध पिशवीतूनच विका. त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर दुसरी बाजू फिरत असते. निरसं दूध म्हणजे अमृत, पाश्चरायझेशनने दुधातला जीव जातो, देशी गाईचं धारोष्ण दूध प्या आणि औषधं विसरा. मी मोहोळ तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. केंद्रावरचं बहुतेक दूध टँकरने डेअरीला जातं, आणि घरच्या गोठ्यातलं थोडं दूध सोलापुरात जुळे सोलापूर नि विजापूर रोडच्या बाजूला रतीबाने देतो. पिशवीत जाणारं दूधही माझंच आणि सुटं विकलं जाणारंही माझंच, त्यामुळे या भांडणात मला कुठल्याच बाजूला बसता येत नाही.

आधी रतीबाच्या दुधाचं सांगतो, कारण बंदीची मागणी करणारे तिथेच चुकतात. सोलापुरात दूध घरात आलं की पहिलं गॅसवर चढतं. पिशवीचं असलं तरी चढतं. डेअरीत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि लगेच थंड करतात, त्याला पाश्चरायझेशन म्हणायचं. आमच्या गिऱ्हाइकांच्या घरी ते पार उतू जाईपर्यंत उकळतं, आणि मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की दिवसातून दोनदा. क्षय, ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला लागणारा तापाचा रोग), साल्मोनेला यांचे जंतू त्या पातेल्यात टिकत नाहीत. दही त्याच दुधाला विरजण लावून, खवा तासभर आटवून, चिकाचा खरवसही वाफवूनच. आपल्याकडे दुधाचा जवळपास प्रत्येक पदार्थ आगीवरून गेलेला असतो. म्हणून युरोप-अमेरिकेतला कच्च्या दुधाचा वाद जसाच्या तसा उचलून इथे बंदी घालायची म्हणजे पहाटे मोटारसायकलला कॅन बांधून निघणाऱ्याचं पोट मारायचं, आणि रोग आहे तिथेच ठेवायचा.

रोग आहे कुठे? जिथे उकळी येत नाही तिथे. गोठ्यावर लहान पोरांना धार काढता काढता पेला भरून देतात तिथे. कोल्हापुरातल्या दूधकट्ट्यावर, जिथे तालमीतली पोरं म्हशीखालून थेट फेसाळ दूध पितात. (ती म्हैस बहुतेक आमचीच, पंढरपुरी. खांद्याच्या मागे गेलेली तलवारीसारखी शिंगं बघून कुणीही ओळखेल. अभिमान आहेच, पण म्हणून डोळे मिटायचे कशाला?) आणि हल्ली शहरात काचेच्या बाटलीत, ‘ए-टू’ (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) अशी चिठ्ठी लावून, न तापवता प्या असं सांगून दुप्पट भावाने जे विकतात, तिथे. या ‘ए-टू’चं तर नवलच. केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ ला असे दावे काढून टाका म्हणून सांगितलं आणि २६ ऑगस्टला ते सांगणंच मागे घेतलं. पाच दिवसांत. आम्ही दूध विकणारे मग कशावर विश्वास ठेवायचा?

ब्रुसेलोसिसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा शब्द आपल्या खात्याच्या छाप्यांच्या बातम्यांत मला कधी दिसलेला नाही. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, म्हणजे गर्भ पडतो, आणि जार (वार) अडकतो. गडी हातमोजे न घालता जार काढतो, वासरू ओढतो. जंतू हाताच्या खरचटीतून आत जातो आणि त्या गाईच्या दुधातूनही पडत राहतो. माणसाला मग ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि गुडघे धरतात. टायफॉइड म्हणून औषधं होतात, मलेरिया म्हणून होतात. नेमकी तपासणी झाली आणि निदान झालं तरी दीड महिना दोन-दोन प्रतिजैविकं घ्यावी लागतात. यावर लस आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही आहे, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना नि म्हशीच्या वगारींना आयुष्यात एकदाच ती टोचायची असते. पण जी गाय आज दावणीला आहे, जिला कालवड असताना टोचलंच नव्हतं, तिचं काय?

तिची तपासणी करा म्हटलं की शेतकरी मागे सरतो, आणि मी त्याला दोष देत नाही. समजा गाय बाधित निघाली. २००९ चा जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा केंद्रीय कायदा सांगतो की ती वेगळी बांधा, रोगाची खबर द्या, बाजारात नेऊ नका. राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. त्यावर इथे वाद घालत नाही, पण मग लाखभर रुपयांची संकरित गाय, जिचं दूध विकायचं नाही आणि जिला विकायचं नाही, ती तीन एकरांच्या माणसाने किती वर्षं पोसायची? भरपाईचा भरवसा नसला की एकच वाट उरते. रिपोर्ट यायच्या आधी गाय आठवडी बाजारात उभी राहते आणि दुसऱ्याच्या गोठ्यात जाते. दुधाचा कायदा आपल्या खात्यात आणि गाईचा पशुसंवर्धन खात्यात, त्यामुळे या गाईची फाईल कुणाच्याच टेबलावर नाही.

आता आपल्या छाप्यांविषयी. अधिकारी येतात, कॅनमधून नमुना घेतात, चार भाग करून सील लावतात. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पाणी, युरिया, तेल असलं काही आहे का बघायला हे ठीक आहे. नमुना खराब होऊ नये म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकतात. पण फॉर्मॅलिन टाकलेल्या दुधात जिवंत जंतू मोजायचे कसे? ते मोजायचे तर निर्जंतुक बाटली हवी, बर्फाची पेटी हवी, आणि नमुना काही तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. विश्लेषकाला अहवाल द्यायला कायद्याने १४ दिवस दिलेत. तोवर ते दूध कुणाच्या चहात गेलं, कुणाच्या पोटात गेलं, कोण विचारतो? आपला कायदा पाणी घालणाऱ्याला पकडतो. घाणेरड्या कॅनमधलं दूध, त्यात थेंबभर पाणी नसलं की, सुखरूप सुटतं.

डेअरीचं तरी काय वेगळं आहे? आम्हाला पैसे मिळतात ते फॅट आणि एसएनएफवर. कास धुऊन, पुसून, पहिल्या चार धारा बाजूला काढून दूध देणारी बाई आणि शेणाच्या हाताने बादली भरणारा, दोघांचा दर एकच. एखादं केंद्र बघायला आलात तर एक गोष्ट जरूर करा. ॲल्युमिनियमच्या कॅनच्या झाकणातली रबरी रिंग नखाने उचकटून बघा. कॅन आतून चकचकीत असतो, उन्हात पालथा घातलेला असतो, आणि रिंगेखाली पिवळट, बुळबुळीत थर असतो, वास आंबूस. सकाळचं ताजं दूध त्या थराला लागून शहरापर्यंत हिंदकळत जातं. बल्क कूलर असलेल्या केंद्रावर दूध ४ अंशांवर येतं तेव्हा जंतूंची वाढ मंदावते. रतीबाच्या कॅनला कूलर नसतो आणि सोलापूरचं ऊन कुणासाठी थांबत नाही.

आणि हे मोजणं काही फार अवघड नाही. दहा मिली दुधात एक मिली मेथिलीन ब्ल्यू घालायचं, नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि निळा रंग कधी जातो ते बघत बसायचं. पाच तास टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासात पांढरं झालं तर त्यात जंतूंची जत्रा भरलेली आहे. ब्रुसेलासाठी गाईच्या दुधाची रिंग टेस्ट आहे: रंगवलेल्या अँटिजेनचा (मारलेल्या ब्रुसेला जंतूंचा) थेंब दुधात टाकायचा, बाधा असेल तर वर साईच्या थराला निळसर-जांभळं कडं येतं. दहा गोठ्यांचं दूध एका कॅनमध्ये मिसळलेलं असलं तरी पहिली शंका तिथेच कळते, मग एकेक गाय शोधायची. माझ्या केंद्रावर मी मेथिलीन ब्ल्यू लावतो, आणि ज्यांची नळी लवकर पांढरी होते ते माझ्यावर रुसतात. रुसणारच. चांगल्या नळीवाल्याला मी दहा पैसेही जास्त देऊ शकत नाही, कारण मला ते वरून कुणी देत नाही.

पिशवीच्या भक्तांसाठी एक आकडा. केंद्र सरकारच्या त्याच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे असुरक्षित निघाले फक्त १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेबाहेर निघालं ३६८ नमुन्यांत, आणि ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त होतं. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले ७७ नमुन्यांत. बुरशी लागलेली पेंड, भिजलेला मका जनावराला घातला की हे विष दुधात उतरतं, आणि ते ७२ अंशांनाही जात नाही, घरच्या उकळीनेही जात नाही. दगडी (कासेची सूज) झालेल्या कासेत औषधाची ट्यूब सोडल्यावर सांगितलेले दिवस दूध वेगळं काढलं नाही, तर ते औषधही पिशवीत जातं. पिशवी शिवली म्हणून दूध शुद्ध झालं, असं होत नाही.

परदेशातही या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. अमेरिकेत १९८७ पासून पिण्याचं कच्चं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकता येत नाही, राज्याच्या आत मात्र ज्याचा त्याचा नियम. तिथल्या दुभत्या गाईंमध्ये मार्च २०२४ मध्ये बर्ड फ्लू सापडला, विषाणू कच्च्या दुधात निघाला, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. स्कॉटलंडने १९८३ मध्ये विक्रीच बंद केली. शेजारच्या इंग्लंडमध्ये शेतकरी गोठ्यावरून थेट विकू शकतो, पण तपासण्या आणि बाटलीवर इशारा सक्तीचा. इटलीत कच्च्या दुधाची यंत्रं चौकात होती, तिथे २००८ मध्ये ‘उकळूनच प्या’ ही पाटी सक्तीची झाली. आपल्याला यातलं इटलीचंच जवळचं वाटावं, कारण उकळायची सवय आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त पाटी नाही.

राहिलं चीज. सोलापुरात अजून त्याचं फारसं काही नाही. पण पुण्या-मुंबईत छोटे चीजवाले उभे राहताहेत, त्यांना चांगलं गावरान दूध हवंय, आणि आमच्या पोरांना तो धंदा दिसतोय. फ्रान्समधलं नॉर्मंडीचं अस्सल कॅमेम्बेर चीज कच्च्या दुधाचंच असतं, हे ते मला मोबाईलवर दाखवतात. अमेरिकेत कच्च्या दुधाचं चीज किमान ६० दिवस मुरवावं लागतं. कडक, खारट, कोरडं चीज मुरत गेलं की बरेच जंतू मरतात. मऊ, ओलसर चीजमध्ये तसं होत नाही, आणि लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजमध्येही वाढतो. गरोदर बाईच्या पोटातलं मूल त्याने दगावतं. म्हणून माझं मत विचाराल तर मऊ चीज पाश्चराइज्ड दुधाचंच असावं, त्यात सूट नको. मुरवलेल्या कडक चीजला कच्चं दूध चालू द्या, पण गोठा तपासलेला हवा आणि एका वेळी केलेल्या चीजच्या प्रत्येक घाण्याची लिस्टेरियासाठी तपासणी हवी. हा धंदा सुरू होण्याआधी नियम आले तर पोरं त्याप्रमाणे भांडवल घालतील. नंतर आले तर कर्ज काढून बसलेल्यांवर येतील.

तर मागणी अशी. रतीबाचं सुटं दूध चालू राहू द्या, पण कॅनवर ‘उकळूनच वापरा’ ही पाटी सक्तीची करा, मराठी, कन्नड आणि तेलुगूत, कारण आमच्या शहरात तिन्ही लागतात. न उकळता प्यायचं म्हणून जो दूध विकतो, मग तो काचेची बाटली असो की कट्टा, त्याच्या प्रत्येक जनावराच्या कानातल्या बारा अंकी टॅगला ब्रुसेला आणि क्षयाच्या तपासणीचा दाखला जोडलेला असल्याशिवाय त्याला परवाना देऊ नका. जनावर बाधित निघालं तर भरपाई किती आणि किती दिवसांत, हे पशुसंवर्धन मंत्र्यांबरोबर एका टेबलावर बसून आधी जाहीर करा, मगच तपासणीची सक्ती करा. उलट केलंत तर आजारी गाई बाजारात दिसतील. छाप्याच्या गाडीत फॉर्मॅलिनच्या बाटलीशेजारी बर्फाची पेटीही ठेवा. आणि डेअऱ्यांना सांगा, मेथिलीन ब्ल्यूत चांगलं टिकणाऱ्या दुधाला लिटरमागे दोन रुपये जास्त द्या. त्या दोन रुपयांत रबरी रिंगा आपोआप बदलल्या जातील, कुणी इन्स्पेक्टर पाठवायला नको.

उत्तर खात्याच्या ठरावीक छापील कागदावर आलं तरी चालेल. ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे’ हे वाक्यही चालेल. फक्त ते कुठल्या खात्याकडे पाठवलं, आपल्या की पशुसंवर्धनच्या, तेवढं कळवा, म्हणजे पुढचं पत्र कुणाला लिहायचं ते ठरवता येईल.

आपला,
एक दूध संकलन केंद्र चालक
मोहोळ तालुका, जि. सोलापूर