अकरा की बारा?

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

जपाच्या एका मण्यावरून फ्रेंच वसाहती सरकारला घाम फुटतो कसा, असं तू विचारलंस. त्यासाठी आधी तिजानी या सूफी पंथाची तस्बी, म्हणजे जपमाळ, नीट बघ. मणी शंभर, मध्ये खुणा घालून १२, १८, २०, २०, १८, १२ असे भाग केलेले. रोजच्या वजीफ्यात, म्हणजे ठरलेल्या जपात, ३० वेळा क्षमायाचना, ५० वेळा 'सलातुल फातिह' ही प्रार्थना, १०० वेळा 'ला इलाहा इल्लल्लाह' आणि शेवटी 'जौहरतुल कमाल' ही प्रार्थना १२ वेळा. त्याआधीचा वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, मात्र पाण्यानेच केलेला हवा. मातीने भागवलं असेल तर शेवटची प्रार्थना चालत नाही, तिच्याऐवजी 'सलातुल फातिह' २० वेळा म्हणायची.

फ्रेंच सुदानात, म्हणजे आजच्या मालीत, नियोरो गावचे तिजानी शेख हमाल्लाह 'जौहरतुल कमाल' ११ वेळाच म्हणत, एक मणी कमी. मूळ आकडा हाच, असं त्यांच्या परंपरेचं म्हणणं. बारावर ठाम होतं उमर ताल या तिजानी नेत्याचं घराणं. उमर एकेकाळी फ्रेंचांशी लढले, आणि त्यांचेच नातू सैदू नूरू ताल गावोगाव सरकारची बाजू मांडत फिरत! म्हणजे अकरावर थांबणारा त्या घराण्याचा मक्ताच नाकारत होता. त्यात हमाल्लाह अधिकाऱ्यांच्या दारी सलाम ठोकायला जात नसत. मला विचारशील तर मण्यापेक्षा हेच जास्त खुपलं.

१९२५ मध्ये त्यांना मॉरिटानियात हद्दपार केलं, पुढे आयव्हरी कोस्टला, सुटका १९३६ मध्ये. मग ते जुहर, असर आणि इशा या दुपार, तिसरा प्रहर आणि रात्रीच्या नमाजांच्या चार रकाती (आवर्तनं) दोनांवर आणू लागले. ही सवलत प्रवाशाला किंवा जिवाची भीती असलेल्याला. ती आपल्याच गावात घ्यायची म्हणजे 'इथे आम्ही निर्धास्त नाही' असं रोज तीनदा जाहीर करणं. सैदू नूरूंनी समजूत घातली तेव्हा ते थांबलं. पण १९४० मध्ये अनुयायांनी शेजारच्या टोळीवर हल्ला केला, शेकडो माणसं मेली. १९४१ मध्ये शेखांना आधी अल्जीरियात, मग फ्रान्सला नेलं. जानेवारी १९४३ मध्ये ते तिथेच वारले. कित्येक मुरीदांनी, म्हणजे शिष्यांनी, ते मानलंच नाही, शेख परततील म्हणून वाट बघत राहिले.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर राजधानी बामाकोत, कैरोच्या अल-अजहर विद्यापीठातून शिकून आलेले तरुण सूफी पीरच नकोत म्हणू लागले. तिथले बहुसंख्य मुसलमान मालिकी परंपरेचे, ते नमाजात हात खाली सोडतात, हे तरुण छातीवर बांधत. मे १९५७ मध्ये जमावाने अशा 'हातबांध्यां'ची घरं-दुकानं फोडली.

तुझा,
अविनाश