रात्री घरी कोण असतं?

पांढरकवडा
रविवार, उपासनेनंतर

प्रिय बाबू,

सलाम. इकडे सगळं ठीक आहे. तूर सोंगून झाली, फरदडीचा कापूस अजून थोडा उभा आहे, गुडघा थंडीत दुखतो पण चालतं. एवढं लिहून मुद्द्यावर येते.

परवा फोनवर तू म्हणालास, “काही नाही आई, एक जण दारू पिऊन आला होता, समजावून पाठवला.” मग एस्तेरने फोन घेतला. कुऱ्हाडीचं तिने सांगितलं. फाटकाच्या कुलपावर दोन घाव घातले तेव्हा तू घरी नव्हतास, चुरणीकडे मंडळीच्या पोरांच्या शिबिरात होतास, हेही तिनेच सांगितलं. आत एस्तेर, छकुली आणि मारहाणीला कंटाळून तुझ्या दारात आसऱ्याला आलेल्या त्या तिघी बायका. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतोस, म्हणून आज लिहायला बसले. त्या रात्रीबद्दल जास्त काही लिहिणार नाही. एकच विचारते, त्या माणसाविरुद्ध पोलिसांत काही दिलंस का?

एस्तेर म्हणाली, तू त्याला माफ केलंस. दुसऱ्या दिवशी तो पाया पडला, रडला, तू त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस. बाबू, तुझ्या वाट्याची क्षमा तू कर. प्रभूने तेच शिकवलंय आणि तू ते करतोस याचा मला आनंद आहे. पण कुलपावर घाव पडला तेव्हा दाराच्या आत तू नव्हतास. ज्या आत होत्या त्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार तुला कोणी दिला? आणि क्षमा करूनही तक्रार देता येते. ठाण्यात कागद असला तर पुढच्या वेळी पोलिसांना पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

कुसुममावशीचं तुला माहीत आहे. पण सगळं नसेल, तेव्हा तू रांगत होतास. त्या नाताळात ती गायनाला उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. सर्दी झाली म्हणाली. तिच्यासारखा आवाज आपल्या अख्ख्या मंडळीत, सगळ्या चर्चमध्ये, नव्हता. आजोबा तिला घेऊन पाळकांकडे गेले. मंडळीतले वडीलधारे बसले. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढला, बाविसावं वचन वाचलं, पुस्तक मिटलं. पत्नीने पतीच्या अधीन राहावं इथपर्यंत वाचलं. तीन वचनं पुढे पतीला काय सांगितलंय, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर, तिथवर कोणी गेलंच नाही. नवरा सगळ्यांसमोर रडला. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि तिला त्याच्याबरोबर खासरात, बैलगाडीत, बसवून दिलं. तिने गळ्याला घट्ट रुमाल बांधला होता. तो सोडून बघ असं एकानेही म्हटलं नाही. पुढचं तू ऐकलेलं आहेस, आणि कबरस्थानात तिच्या नावाची पाटी कोणी बसवू दिली नाही तेही.

तिच्यासाठी आजोबा यवतमाळला वकिलाकडेही जाऊन आले होते. तेव्हा आपल्या ख्रिस्ती लोकांचा कायदा १८६९ चा, इंग्रजांच्या वेळचा. बायकोने व्यभिचार केला तर नवऱ्याला तेवढ्यावर घटस्फोट मागता यायचा, पण बायकोला नुसती मारहाण दाखवून सुटका नव्हती. मारहाणीसोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध कर. फार तर वेगळं राहायची परवानगी मिळेल, असं वकील म्हणाले. आजोबांनी तो कागद घडी घालून पवित्र शास्त्रात ठेवला होता, अजून माझ्याकडे आहे. २००१ मध्ये कायदा बदलला, आता क्रूरता एवढं कारण पुरतं. तोवर किती कुसुम गेल्या असतील. म्हणून तुझ्या शिबिरातली पोरं जेव्हा म्हणतात की लग्नाचा करार मोडत नसतो, तेव्हा त्यांना सांग की करार पहिल्यांदा ज्याने हात उचलला त्याने मोडला.

तू भिंतीवर दुसरे तीमथ्य, दोन-दोन लावलंयस. माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, जे दुसऱ्यांनाही शिकवतील. मागच्या वर्षी मी आले होते तेव्हा ती कोरकू मुलगी, सातवी शिकलेली, उभी राहून आपल्या भाषेत प्रार्थना करत होती आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माना डोलवत होत्या. तू मागच्या खांबाला टेकून उभा होतास, एक शब्द बोलला नाहीस. तुझे पप्पा असते तर तिथे मध्ये काहीतरी बोलले असते. मी त्या दिवशी मनात म्हटलं, हा माझा मुलगा. बाहेरून माणूस आणून बसवण्यापेक्षा तिथलीच पोरं तयार करायची, स्वतःचा शिधा स्वतः आणायला लावायचा, हे तुझं बरोबर आहे. मिशनच्या पैशावर चाललेलं पैसा थांबला की थांबतं, हे आम्ही इथे डोळ्यांनी पाहिलंय.

पण त्याच तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, पुढाऱ्याने आधी स्वतःच्या घराची व्यवस्था चांगली ठेवावी असंही आहे. महिन्यातले किती दिवस तू घरी असतोस? आणि नसतोस तेव्हा रात्री घरी कोण असतं?

बघ, लिहिणार नाही म्हटलं आणि आलंच. रागावू नकोस. तुझे पप्पा सायकलवर कोलाम आदिवासींच्या पोडांवर, त्यांच्या वस्त्यांवर, जायचे तेव्हा दोन-दोन रात्री यायचे नाहीत. क्वार्टरला आतून एकच कडी होती. मी तुला आणि ताईला भिंतीकडे झोपवायची आणि दाराला पाटा लावून ठेवायची, वरवंटा उशाशी. कधी काही झालं नाही. पण पहाटे कोंबडा ओरडेपर्यंत डोळा लागायचा नाही, आणि सकाळी आठला दवाखान्यात ड्युटी. पप्पांना मी हे कधी म्हटलं नाही, कारण ते प्रभूचं काम करत होते. एस्तेरही तुला म्हणणार नाही. म्हणून मी म्हणते.

आता दवाखान्यातलं सांगते, हे तुझ्या पोरांच्या कामाचं आहे. इतकी वर्षं मी एकच वाक्य ऐकलं, “काही नाई झालं सिस्टर, पाय घसरला माहा.” पडलेल्या माणसाचे तळहात आणि गुडघे खरचटतात. हाताच्या बाहेरच्या अंगाला, मनगट ते कोपर, वळ असतील तर तिने हात आडवा धरला होता. मनगटावर बारीक चिरा म्हणजे बांगड्या फुटेस्तोवर हात पिरगाळला. एक वळ निळा, एक पिवळा पडलेला असेल तर हे एका दिवसाचं नाही. आणि गळा. गळ्यावर बोटांच्या खुणा, आवाज बसलेला, गिळताना दुखणं, डोळ्यात लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं तर त्या बाईला त्या रात्री घरी पाठवायचं नाही आणि सकाळची वाटही बघायची नाही, सरळ सरकारी दवाखाना. गळा दाबणारा माणूस पुढे कुठे जातो ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

चुकारे हाती आले की आमच्या ओपीडीत गर्दी व्हायची. कापूस गेला, पैसा आला, दारू आली. पोळ्याच्या करीलाही तसंच. तुमच्याकडे माणसं कामावरून परततात तेव्हा होत असेल. त्या दिवसांत तरी शिबिर ठेवू नकोस. घरी राहा.

इथे विधी सेवावाल्यांचं शिबिर झालं त्यात वकीलबाईंनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, तुझ्यासाठी परत लिहिते. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. बाईने संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं, तो घटनेचा अहवाल भरतो, कलम १२ खाली अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागायला हवी, आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे. व्हायला वेळ लागतो ते वेगळं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी कायद्याच्या मार्गाशिवाय तिला तिथून हाकलता येत नाही. नवऱ्याने, सासरच्यांनी छळ केला तर लागणारं ४९८-अ होतं ते १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न विचारत नाहीत. बायकांच्या मदतीचा फोन १८१. सरकारी सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पण ते अमरावतीला, आणि धारणीहून परतवाड्याचा घाट उतरून अमरावती म्हणजे दिवस गेला. म्हणूनच बायका तुझ्या दारात येतात, कळतं मला. पण ज्या दिवशी आली त्याच दिवशी पोलीस पाटलाला, आशाताईला कळव, वहीत तारीख-वेळ टाक, तिची सही किंवा अंगठा घे. गावात उद्या म्हणतील, बायका बाटवायला ठेवल्यात. म्हणतातच, आम्हालाही म्हणायचे. तेव्हा आलेल्या बाईच्या हातात पहिल्या दिवशी शास्त्र देऊ नकोस. पाणी दे, भाकर दे, झोपू दे. ती होऊन विचारेल तेव्हा सांग, आणि नाही विचारलं तरी तिची भाकर कमी होऊ नये.

आणि नवरा-बायकोला समोरासमोर बसवून मिटवामिटवी करू नका. तो शेजारी बसलेला असताना ती खरं बोलणार नाही. “तू काय केलंस म्हणून त्याने मारलं,” हा प्रश्न तुझ्या पोरांच्या तोंडून कधी निघता कामा नये. त्यांची परीक्षा घ्यायची तर उपदेश करायला लावू नकोस, माईक हातात आला की सगळ्यांनाच चांगलं बोलता येतं. रात्री दारात बाई आली, मागून तिचा नवरा आला आणि तो आपल्याच मंडळीतला, वर्गणी देणारा निघाला, तर काय करशील, हे विचार. उत्तर काय देतात त्यावरून ठरव कोणाच्या हाती मंडळी द्यायची.

फार लिहिलं. तू हे काम माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. कोरकू बोलतोस, तिथली माणसं तुला आपलं मानतात, मी तर पाहुणी. पण त्या तिघींपैकी जी बोलत नाही असं एस्तेर म्हणाली, तिला कामाला लावा. पंडिता रमाबाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून शेकडो मुली-बायका केडगावला घेऊन गेल्या, त्या नुसत्या प्रार्थनेला बसवायला नाही. छापखाना, विणकाम, शेती, सगळं त्यांच्या हाती दिलं. हातात स्वतःचे पैसे आले की बाईची जीभ सुटते, हे मी आमच्या बचत गटातही पाहते. माझं जुनं शिलाई मशीन इथे पडून आहे. पट्टा नवा टाकला की चालेल.

तू बारावीनंतर म्हणाला होतास की मला पाळक व्हायचं नाही, पाळक लोक बायकांना परत पाठवतात. आठवतं? पप्पा दोन दिवस जेवले नव्हते. मग तूच गेलास पुण्याला शिकायला आणि तीन वर्षांनी आलास तो वेगळाच होऊन. मला तेव्हा भीती वाटली होती की तूही त्यांच्यासारखा होशील. तसा झाला नाहीस. आता दुसरी भीती आहे, की सगळ्या गावांच्या बायकांची दारं सांभाळताना आपलं दार उघडं राहील. एस्तेर हसून बोलते फोनवर. मी नर्स आहे, हसून बोलणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. छकुली रात्री दचकून उठते असं तिने सांगितलं, ते तुला सांगितलंय का?

तर मी ठरवलंय. पुढचं शिबिर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे ना? त्याआधी दोन दिवस मी येते. ताईचा मुलगा अमरावतीपर्यंत सोडेल, मशीनही एसटीत टाकून देईल, पुढे परतवाड्याला तू घ्यायला ये. तू नसशील तेवढे दिवस मी एस्तेरजवळ झोपेन. शिबिरातला एक दुपारचा तास मला दे, पोरांना आणि पोरींना, दोघांनाही. वळ कसे ओळखायचे आणि सरकारी दवाखान्यात कोणता कागद मागायचा एवढंच मी सांगेन, शास्त्र तू सांग. कोरकूत सांगायला ती सातवी शिकलेली मुलगी माझ्याजवळ बसव.

तोवर फाटकाला नवं कुलूप नको, लोखंडी अडसर बसव आतून. वेल्डिंगवाल्याला दोन हजार लागतील म्हणे, मी पेन्शनमधून फोन-पे केलेत, बघ आले का. आणि ठाण्यात जाऊन ये. एस्तेरला बरोबर ने, तिने पाहिलंय, तिलाच सांगू दे. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नकोस, तिचा फोटो मला पाठव.

छकुलीला पापा. एस्तेरला सांग, तिळाचे लाडू घेऊन येते.

तुझी,
आई