बिबडीला बॅगेत घालू नकोस

शहादा,
दत्तजयंतीचा दुसरा दिवस, रात्र

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू आपटलास की मी, यावर तुझी आई आणि मी अजून भांडतोय. फोनवर मी तोंड उघडलं की तू "नाना, लेक्चर नको" म्हणतेस, म्हणून लिहितोय. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही. पाकीट उद्याच्या कुरिअरने निघेल. सोबत आईने बिबडे, आपले ज्वारीचे पापड, दिले आहेत. ते तुझ्यासाठी, आपल्या कुत्रीला, बिबडीला, त्यातला तुकडाही देऊ नकोस, लसूण आहे. लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

तुझा बेत आईने मला दोनदा वाचून दाखवला. तोरणमाळच्या त्या हॉटेलच्या नियमांत पाळीव प्राणी आणू नयेत असं लिहिलंय. म्हणून बिबडीला निघताना सर्दीची अर्धी गोळी द्यायची, निळ्या बॅगेत घालायचं, चेन थोडी उघडी ठेवायची. मैत्रिणी काउंटरवर सह्या करतील तोवर तू मागच्या जिन्याने वर. दाराला 'त्रास देऊ नये' ही पाटी. दोन रात्री. शेवटच्या दिवशी खिडक्या उघडून वास घालवायचा. बेत नीट रचला आहेस, यात वाद नाही. एवढं डोकं बारावीला चालवलं असतंस तर... असो.

आधी गोळी. माणसाच्या सर्दीच्या गोळीत नुसतं गुंगीचं औषध नसतं. पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, काहींत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन. पहिलं कुत्र्याच्या यकृताला मारतं, दुसऱ्याने रक्तदाब चढतो. समजा, तुझ्या तिथल्या डॉक्टरांकडून खरीखुरी गुंगीची गोळी आणलीस, तरी गुंगीतल्या जनावराला स्वतःच्या अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. आणि बॅगेत तीच तर अडचण आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे जीभ आणि धाप एवढंच. जिभेवरच्या, घशातल्या पाण्याची वाफ होते तेव्हा रक्त थंड होतं. बंद बॅगेतली हवा श्वासानेच दमट होत जाते, मग वाफ होत नाही, नुसत्या धापा चालू राहतात आणि त्या श्रमाने अंग आणखी तापतं. बिबडी आठ किलोची, वर पामेरियनचे दुहेरी केस. तिचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5, 106 च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू, सगळंच धोक्यात.

"नाना, डिसेंबर आहे" असं तू म्हणशील. मग हेही ऐक. बाहेर 24 अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत 34 होतात, अर्ध्या तासात 43. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. (गाडीचं सेल्सिअसमध्ये सांगितलं, तापाचं फॅरेनहाइटमध्ये. दवाखान्यातली सवय.) तेव्हा "खोलीत नाही जमलं तर गाडीत ठेवू" हा तुमचा दुसरा बेतही दुपारच्या वेळी बाद.

पण काल रात्री मला झोप आली नाही ती दारामुळे.

तुम्ही सकाळी यशवंत तलावावर जाणार, तिथून सीताखाई. बिबडी खोलीत एकटी. वास अनोळखी, बाहेर व्हरांड्यात पावलं. एकटं राहिलेलं कुत्रं सगळ्यात जास्त धिंगाणा पहिल्या अर्ध्या तासात घालतं: भुंकतं, दाराची चौकट नखांनी खरवडतं, पडदा ओढतं. बाहेर ऐकू जाणारच. पाटी असो नसो, कुणीतरी चादरी बदलायला नाहीतर गिझर बघायला जादा चावी घेऊन येणार. आत कुत्रं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. दार वीतभर उघडलं की एक तर ती त्याला चावते, नाहीतर त्याच्या पायांमधून निसटते.

चावली तर त्या पोराने जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लस सुरू करायची: पहिली त्याच दिवशी, मग तिथून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. तू बिबडीच्या रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवशील, तरी डॉक्टर त्याची लस थांबवणार नाहीत, थांबवूही नये. इंजेक्शनं दंडात घ्यायची, आणि प्रत्येक खेपेला त्याची दिवसाची मजुरी बुडणार. तुझ्या दोन रात्रींच्या हौसेपायी.

निसटली तर? घाबरलेलं कुत्रं अनोळखी जागी मालकाच्या हाकेलाही येत नाही, उलट हाकेने आणखी पळतं. ते झुडपात, गाडीखाली, मोरीत दडून बसतं. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, एका बाजूला दरी, चहूकडे सातपुड्याचं जंगल. बिबट्या तर आपल्या तळोदा-शहाद्याच्या उसातसुद्धा येतो आणि त्याला आठ किलोचं पांढरं कुत्रं म्हणजे काय, हे मी लिहीत नाही. चिप बसवली आहेस, चांगलं केलंस. पण चिपमुळे कुत्रं कुठे आहे ते कळत नाही. ती वाचायला यंत्र लागतं, आणि तिथे ते कुणाकडे असणार? गळ्यातल्या पट्ट्यावर पितळी बिल्ला हवा, त्यावर दोन नंबर: तुझा आणि आपल्या घरचा.

असं कधी झालंच तर धावत मागे जाऊ नका. निसटली तिथेच तुझी वापरलेली ओढणी आणि तिची गोधडी ठेवायची, जमिनीवर बसून राहायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. शोधायचं तर आधी शे-दोनशे मीटरच्या आत, आणि पहाटे किंवा रात्री उशिरा, माणसांची वर्दळ थांबल्यावर. बॅटरी जमिनीलगत मारली की डोळे चमकतात. बघ, मी शोधायला सुद्धा लागलो.

गादीचं थोडक्यात सांगतो. नव्या जागी कुत्रं आपली खूण करतं. घरात कधी न करणारंही करतं. लघवीचा अंश नुसत्या पाण्याने पुरता निघत नाही. आज वास गेला असं वाटतं आणि पुढच्या दमट दिवशी परत येतो. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. अमोनियाचा क्लीनर ओतला तर तिला तो लघवीसारखाच वास येतो, ती पुन्हा तिथेच करते. ब्लीच टाकलं तर घशात झोंबणारा वायू निघतो. कोरड्या फडक्याने दाबून टिपायचं, थंड पाणी, पुन्हा टिपायचं, मग एन्झाइमचं क्लीनर पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. जाड गादीत आतपर्यंत गेलं असेल तर त्यानेही भागत नाही. खिडक्या उघडून तर मुळीच नाही. आणि केस गेले तरी लाळेतला, कोंड्यातला जो अंश गादीत, पडद्यांत राहतो तो महिनोन्‌महिने राहतो. तुझ्यानंतर त्या खोलीत एखादं दम्याचं लेकरू आलं तर त्याच्या आईबापांना कळणारही नाही की रात्री पंप का काढावा लागला.

गोचिडांबद्दल तुला शिकवायची गरज नाही. मादी रक्त पिऊन गळून पडते, भिंतीच्या फटीत तीन-चार हजार अंडी घालते आणि मरते. पिल्लं उपाशी महिनोन्‌महिने तग धरतात. हे तू मला सांगितलंस, गेल्या वर्षी, गोचीडतापात बिबडीच्या प्लेटलेट उतरल्या तेव्हा. डॉक्सीसायक्लिनची गोळी 28 दिवस, एकही न चुकवता, प्रत्येक वेळी खाणं देऊन, आणि वर पाणी पाजून, म्हणजे अन्ननलिकेत चिकटू नये. तक्ता करून फ्रिजवर लावला होतास. त्याच महिन्यात तुझं स्वतःचं काय काय चाललं होतं ते आम्हाला माहीत आहे. मी इथे कुणाला काही बोललो नाही, पण त्या तक्त्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. म्हणून म्हणतो, दार. त्या पोरीने तुला त्या महिन्यात उठवून बाहेर नेलं. तिचं काही झालं तर... हे मी पुन्हा तिथेच आलो.

कायद्याचं तू जे सांगितलंस ते अर्धं बरोबर आहे. पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही हे जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये सांगितलं ते राहत्या सोसायट्यांना. हॉटेल दुसऱ्याची जागा आहे, त्याने नाही म्हटलं तर नाही. आणि जनावराच्या बाबतीत हयगय करून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ दिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुला कुणी आत टाकणार नाही. पण सापडलात तर रात्री दहाला तुम्हा तिघींना सामानासकट बाहेर काढतील आणि मग अंधारात तो सातपायरीचा घाट उतरायचा. हे मला चालणार नाही.

झालं लेक्चर. माफ कर. आई मागून म्हणतेय की सगळं पुन्हा लिहा, गोड शब्दांत. गोड शब्द तिचे, तीच लिहील खाली.

लपवायची तुझी सवय जुनीच. नशिराबादला आत्याच्या घरी तू ज्वारीच्या रिकाम्या कणगीत पिल्लू दडवलं होतंस. सहा वर्षांची असशील. दोन दिवस शेव आणि दुधात भिजवलेली कळण्याची भाकरी. वर झाकण म्हणून परात, परातीवर पाटा. पिल्लाचा आवाज येऊ नये म्हणून तू कणगीशेजारी बसून मोठमोठ्याने पाढे म्हणत होतीस, आणि आत्या कौतुकाने सगळ्या गल्लीला सांगत होती की पोर किती अभ्यास करते. सतराच्या पाढ्याला पिल्लू तुझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलं. तुला सतराचा पाढा अजून येत नाही. जिजी तेव्हा कुणाला रागवू देईना, एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ते बी घरनंच शे." मी तुला रागावलो होतो. ते आज आठवलं आणि पेन खाली ठेवावंसं वाटलं.

आता काय करता येईल ते. हॉटेलला सरळ फोन कर. नियम लिहिलेला असतो, पण मागच्या बाजूला तळमजल्याची खोली असेल आणि तू आगाऊ अनामत, लसीचं कार्ड, स्वतःची चादर आणि पिंजरा घेऊन येते म्हणालीस तर काही जण हो म्हणतात. मिळालेलं 'हो' व्हॉट्सॲपवर लिहून घे, तिथे पोचल्यावर माणूस बदललेला असतो. पिंजरा म्हणजे उभं राहून वळता येईल एवढा. आजपासून रोज जेवण त्यातच द्यायचं, दार उघडं. आठवड्याने दार पाच मिनिटं बंद, मग दहा. घाई केली तर तो तिला तुरुंग वाटतो. गोचिडाचं मानेवर टाकायचं औषध निघायच्या दोन दिवस आधी, आणि त्याच्या मागेपुढे दोन दोन दिवस अंघोळ नाही, नाहीतर ते वाहून जातं. शेवटचं खाणं निघण्याच्या चार-पाच तास आधी, म्हणजे घाटात ओकणार नाही. गाडीत छातीचा पट्टा सीटबेल्टला अडकव. गळ्याच्या पट्ट्याला नको, जोराचा ब्रेक लागला की मान जाते. दर दोन तासांनी थांबायचं, आणि पट्टा हातात घेतल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही.

त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालू नकोस. पुण्याहून तोरणमाळला धुळे, दोंडाईचा, शहादा असंच जायचंय ना? आपलं घर वाटेत आहे. बिबडीला इथे सोड, वर जा, दोन रात्री राहा, उतरताना घेऊन जा. तिथून इथे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, वाटलं तर दुपारी येऊन भेटून जा. सारंगखेड्याची यात्रा चालू आहे, घोडे बघायला तुझ्या मैत्रिणींनाही आण. अंगणाच्या फाटकाखाली फट होती, ती मी आज सकाळी विटा लावून बुजवली. तिची जुनी वाटी आईने माळ्यावरून काढून घासून मोरीजवळ ठेवली आहे. आमचं ठरलेलं नाही, तुझ्यावर आहे.

पैशाची अडचण असेल तर सांग. दुसरं काही असेल तर तेही सांग. लपवू नकोस.

तुझे,
नाना

ता. क. आईला लिहायला जागा उरली नाही, ती फोन करेल. आणि त्यांनी हो म्हटलं आणि तुम्ही गेलातच, तर खोलीच्या दाराला आतून कडी आहे की नुसतं लॅच, एवढं पोचल्या पोचल्या बघ आणि मला मेसेज कर.