दहातल्या तीन उरल्या

चि. मनू,

तुझी हुतात्मा एक्सप्रेस सुटली, रिक्षाने घरी आले आणि अप्पांचा चहा टाकायच्या आधीच लिहायला बसले. फोनवर तू "बरं बरं" करून विषय बदलतेस, म्हणून कागद.

शेंगाचटणीचा डबा तुझ्या पिशवीत सरकवताना गोळ्यांची पट्टी हाताला लागली. दहातल्या तीन उरल्या होत्या. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पहिल्याच पानावर आलं.

प्लॅटफॉर्मवर तुझ्या ऑफिसच्या साहेबांचा फोन वाजला तेव्हा सव्वासहा झाले होते. तुझ्या ओढणीवर चहा सांडला. फोन उचलायच्या आधीच तू "सॉरी सर" पुटपुटलीस. मी बघत होते गं.

तू नाजूक आहेस म्हणून हे होत नाही. चारचौघांत पाणउतारा, रात्री अकराला मेसेज, रजा मागितली की टोमणा, असं महिनोन्महिने चाललं की शरीर पहाऱ्यावरच राहतं. पहाटे तीनला जाग येते, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा उठतो. मग माणूस स्वतःलाच विचारतो, माझंच चुकतंय का? तू परवा भाकरी थापताना मला हेच विचारलंस. या प्रश्नापर्यंत आलीस म्हणजे मदत घ्यायला उशीरच झालाय.

त्या गोळ्या. अल्प्राझोलाम म्हणजे घालमेल शमवणारी गोळी, तिची सवय काही आठवड्यांतच लागते. रोज घेत असशील तर एका रात्रीत बंदही करू नकोस. झोप आणखी उडते, हात थरथरतात, फार दिवस घेतलेल्याला झटकेही येऊ शकतात. किती ताकदीची, किती दिवस, हे डॉक्टरला खरं सांग, ते हळूहळू उतरवतील. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणल्या असशील तर तेही सांग, रागावणार नाहीत. मीही नाही.

औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात. बोलून उपचार करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे. त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक सरळ विचार. आठवड्याला एक बैठक, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. पहिल्या दोन माहिती घेण्यातच जातात आणि नेमकं तिथेच लोक "काही फरक नाही" म्हणत सोडतात. तू सोडू नकोस. "साहेब वाईट आहेत" एवढंच सांगू नकोस. एक प्रसंग घे, ते काय बोलले, तेव्हा अंगात काय झालं, नंतर तू काय केलंस, ते सांग. नैराश्याची गोळी दिली तर पहिल्या आठवड्यात मळमळेल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद केली की दुखणं उलटतं. आणि ऑफिसने नेमलेल्या समुपदेशकाकडे जाणार असशील तर एचआरला काय काय कळवलं जातं, ते आधी लेखी विचारून घे.

झालं, माझं भाषण सुरू. माफ कर. ओपीडीतली खुर्ची सुटली, सवय सुटली नाही.

पाचवीत पेन्सिली पळवणाऱ्या पोरीची तू वहीत तारीखवार नोंद ठेवली होतीस, आठवतं? बाई हसल्या, पण पेन्सिली परत मिळाल्या. अप्पा ती वही अख्ख्या वाड्यात दाखवत फिरले होते. तशीच वही आता ठेव. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिही, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. नुसत्या आरडाओरड्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, तिथे एचआरकडे लेखी तक्रार, आणि ही वहीच कामाची. पण त्या दिवशी कपड्यांवरून बोलले म्हणालीस, तसं काही असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असली की अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. रागाच्या भरात राजीनामा मात्र मेल करू नकोस. पण जिवावर बेतलंच तर कर. नोकरीचं बघू, काकूच्या वेळी नाही का बघितलं?

रात्री फार झालं तर १४४१६ लाव, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात. मला लावलास तरी चालेल, मीही तीनला जागीच असते.

अप्पांना काही बोलले नाही. चटणीला ओला चमचा लावू नकोस.

पट्टीत आज किती उरल्या, तेवढं कळव.

तुझी,
आई