बंड्यास पत्र : लवंगीचं काय करू?

म्हापसा
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणणारच. लेका, फोनवर तू मला बोलू देतोस कुठं? माझं एक वाक्य होईस्तोवर तुझी तीन होतात आणि चौथ्यात पीटीएमचा, म्हणजे आमच्या पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा, उद्धार सुरू. कागदावर तरी तुला गप बसून ऐकावं लागेल. गणपतीपासून आपलं धड बोलणं नाही, त्यातलं निम्मं तुझ्या खात्यावर मांड. माझी तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. शुगर निघाली नाही. झालं.

परवा आमच्या फुटबॉल अ‍ॅकॅडमीत रिलीजची मीटिंग झाली, म्हणजे कुठलं पोर ठेवायचं आणि कुठलं सोडायचं ते ठरवायची. सीझन संपला की एका खोलीत बसायचं, पडद्यावर एकेक पोराचं नाव आणायचं आणि हिरवा, पिवळा, लाल यातला एक रंग द्यायचा. हिरवा म्हणजे राहिला, लाल म्हणजे बापाला फोन. पिवळा म्हणजे अजून ठरलेलं नाही, कुणाला तोंड उघडायचं नाही. हॉस्टेलच्या खाटा ठरलेल्या, आणि ट्रायलला मणिपूर, मिझोराम, केरळपासून पोरं येतात. एक आत घ्यायचा तर एक बाहेर, इतका सरळ हिशेब.

यात आपल्या गडहिंग्लजचा एक पोरगा आहे. नाव लिहीत नाही, कारण तू उद्या सकाळी त्याच्या बापाला फोन लावशील. पोरं त्याला लवंगी म्हणतात. गावची मिरची संकेश्वरी, पण हा अंगानं लवंगीच. चौदा पूर्ण, उंची १४८ सेंटीमीटर, आणि जन्म डिसेंबरचा. आमचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीतल्या पोरापेक्षा हा जवळजवळ वर्षानं लहान, आणि दोघं एकाच संघात. युरोपातल्या अ‍ॅकॅडम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतली कमी सापडतात, हे मोजून झालंय. आपल्या वर्गात मोजायला गेले असते तर गोंधळले असते. निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून! मास्तरांनी शाळेत घालताना लिहिला तोच जन्म. तुझे तर दोन वाढदिवस होते आणि दोन्हीला तू माझ्याकडून मिसळ उकळलीस.

असो. लवंगीचा खेळ कसा ते सांगतो. मिडफील्डला उभा राहतो आणि बॉल यायच्या आधी दोनदा मागं वळून बघतो, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. मग पहिल्या टचलाच बॉल असा काढून ठेवतो की अंगावर आलेला पोरगा मोकळ्या जागेला धडकतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. धक्का बसला तर आपण आडवे होतो हे कळल्यावर त्यानं धक्काच बसू न देण्याची विद्या काढली. मोठ्या अंगाच्या पोराला ही गरजच पडत नाही. पण चाळीस मिनिटं झाली की याचा बॉल तीस यार्डांपलीकडं जात नाही, आणि हवेतला बॉल तर दुसऱ्याचाच. आमच्या तक्त्यात ‘फिजिकल’ नावाचा रकाना आहे. तिथं याला पाचपैकी दोन.

त्याच संघात एक सेंटर बॅक आहे, त्याला आम्ही पहिलवान म्हणतो. १७६ सेंटीमीटर, ओठावर मिसरूड. गेल्या मोसमात निम्मे सामने त्यानं एकट्यानं डोक्यानं जिंकून दिले. त्याला हिरवा. कुणी चर्चासुद्धा केली नाही.

आता गंमत बघ. पोर किती वाढलंय आणि किती वाढायचं राहिलंय, याचा अंदाज काढायची एक रीत आहे, खामिस-रोश म्हणतात तिला. पोराचं वय, उंची, वजन आणि आई-बापाची उंची घालायची, की मोठेपणी किती होईल ते निघतं. पाच सेंटीमीटर इकडं-तिकडं होऊ शकतं, पण दिशा कळते. म्हणून मी लवंगीच्या आई-बापाला बोलावलं. बाप भिंतीला टेकून उभा राहिला आणि हळूच टाचा उचलल्या. मी बघून न बघितल्यासारखं केलं. आकडा लिहिणार एवढ्यात पोरगंच म्हणालं, “पप्पा, टाच टेकवा.” आईनं अंबाड्याची पिन काढून ठेवली, चपला कडेला काढल्या आणि विचारलं, “माझ्यामुळं कमी पडत न्हाई ना ओ त्याला?” यावर काय बोलायचं, मर्दा? मी म्हटलं, नाही हो काकू. वयानं त्या माझ्यापेक्षा लहान असतील.

हिशेब असा निघाला. पहिलवान त्याच्या पूर्ण उंचीच्या ९८ टक्क्यांवर पोचलाय. त्याचं झालं, आता फार तर दोन बोटं. लवंगी ८७ वर आहे. म्हणजे ज्या वर्षी पोरं तटातटा वाढतात ते वर्ष त्याचं अजून यायचंय. पुढच्या काही वर्षांत दोघांच्या उंचीतलं अंतर बरंच कमी होईल, तेव्हा एकाला दोनदा मागं बघायची सवय असेल आणि दुसऱ्याला नसेल. मी मीटिंगमध्ये हेच म्हटलं. डायरेक्टर साहेब म्हणाले, “मान्य. पण असेल, होईल, वाढेल यावर मी खाट कशी अडवू?”

इंग्लंडमध्ये २०१५ च्या सुमाराला साउथॅम्प्टन, नॉर्विच, स्टोक, रेडिंग या क्लबांची पोरं वयाऐवजी वाढीच्या टक्क्यांवर गट पाडून खेळवली होती. लवकर वाढलेल्यांची तिथं पंचाईत झाली, ताकद चालेना म्हणताना डोकं वापरावं लागलं. उशिरा वाढणाऱ्यांना पहिल्यांदा बॉल पायात ठेवायला उसंत मिळाली. मी आमच्याकडं एका शनिवारी तसाच सामना लावला. लवंगीला तेरा वर्षांखालच्या दांडग्या पोरांत टाकला. बंड्या, तू हवा होतास. तासभर दुसऱ्या कुणाला बॉल मिळाला नाही. सहायक कोच म्हणाला, हे तर लहान पोरांत आहे, यात काय! अरे, वाढीनं ती त्याच्याएवढीच आहेत, तोच तर मुद्दा होता. पण साहेब तेव्हा मुंबईला होते आणि व्हिडिओ बघायला कुणाला वेळ आहे?

पहिलवानाचंही सुख समजू नकोस. बाहेरगावच्या एका स्पर्धेआधी मनगटाचा एक्स-रे काढला. टीडब्ल्यू-३ म्हणतात ती हाडांच्या वयाची तपासणी. फिफा सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत याच कामाला एमआरआय करतं. पोराचा जन्मदाखला सच्चा, हॉस्पिटलचा, मी स्वतः बघितलाय. पण हाडं पुढं धावलेली, त्यामुळं मर्यादेबाहेर. पोरगं ढसाढसा रडलं. बाकीची पोरं ‘काका, काका’ म्हणून चिडवायला लागली. खोटे दाखले आपल्याकडं एवढे झालेत की एक्स-रे नको असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण खऱ्याला त्यात खोट्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. (तू आणि तुझे दोन वाढदिवस यावर आता काही बोलू नकोस.)

लवंगीवर परत येतो. तो सध्या पिवळा आहे. मी ‘ठेवावा’ लिहून सही केली आहे, बाकी सह्या महिनाअखेरीला. आणि खरी भानगड इथंच आहे. त्याच्या बापानं जिन्यात गाठून विचारलं, “सर, दहावीचं वर्ष हाय. ठेवताय का नेऊ? जूनमध्ये शाळा बदलून कोण देतंय?” आणि मला पटकन ‘ठेवतो’ म्हणता येईना.

कारण ठेवून मी त्याला देणार काय? गटाची एक फेरी संपली की महिनेन् महिने सामना नाही. वाढीच्या वर्षात पोराचा गुडघा दुखणार, पाय स्वतःचेच ऐकणार नाहीत, आहे तो टचही वर्षभर हरवेल. त्या वर्षात त्याच्यावर भार कमी ठेवायला हवा, आणि तक्त्यात नेमक्या त्याच वर्षी तो सगळ्यात वाईट दिसणार. मी असेन तोवर सांभाळीन. मी नसलो तर? आमच्या धंद्यात कोच किती दिवस टिकतो हे तुला माहीत आहे. आणि क्लब तरी? पुणे एफसी २००७ ला आली, तिच्या अ‍ॅकॅडमीचं देशभर नाव, आणि बघता बघता गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजियन्सनं लिव्हरपूलचं नाव जोडून अ‍ॅकॅडमी काढली, तीही गेली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटली. इथं गोव्यात तर २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीग या तेव्हाच्या देशपातळीवरच्या लीगमधून बाहेर पडले. २०२५ च्या जुलैत आयएसएलच लांबणीवर पडली तेव्हा लवंगीच्या बापानं फोन करून मला विचारलं होतं, “वरची लीगच न्हाई तर खालच्या पोरांनी कुठं जायचं?” क्लबच्या लायसन्सला युवा संघ दाखवावे लागतात म्हणून बरेच क्लब पोरं पाळतात, हे मी त्याला कसं सांगू? आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक बापाला आपलं पोर तिथं दिसतंय.

आणि कुणी मला इंग्लंडच्या स्ट्रायकर व्हार्डीचं उदाहरण देऊ नये. शेफिल्ड वेन्सडेनं बुटका म्हणून सोडला, पुढं लेस्टरकडून लीग जिंकला. ग्रीझमनला फ्रान्समध्ये कुणी घेईना, मग स्पेनच्या क्लबनं उचलला. या दोन गोष्टी सांगून मीटिंगमध्ये सगळे मान हलवतात आणि खालच्या नावाला लाल लावतात. व्हार्डीला पडायला खाली पायऱ्या तरी होत्या. इंग्लंडात आठव्या दर्जाच्या लीगमध्येसुद्धा दर आठवड्याला सामना असतो. आपल्याकडं पोरगं सुटलं की थेट एसटीत.

म्हणून तुला लिहितोय. आपण दोघं असेच खेळायला बाहेर होतो, त्या वर्षी फळ्यावर ठेवलेल्या पोरांची यादी लागली तेव्हा तू सोळाचा होतास. नाव नाही हे बघितलंस, ट्रंक आवरलीस, माझ्या बुटांची नवीन लेस काढून घेतलीस (अजून दिली नाहीस) आणि रात्रीच्या गाडीनं कोल्हापूर. मी पुढं चार वर्षं राहिलो आणि शेवटी गुडघा घेऊन आलो. त्यावर आपण कधी बोललोच नाही. बोललो ते फक्त फायनलच्या त्या ऑफसाइडवर, जो ऑफसाइड नव्हता. पप्याला विचार. आबा लाइनवर होता आणि आबा जन्मजात दिलबहार तालमीचा, त्याच्या झेंड्याला काय किंमत!

आता सरळ विचारतो. तुला कारण कुणी सांगितलं होतं का? सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं की जास्त लागलं असतं? आणि आणखी दोन वर्षं ठेवून मग सोडलं असतं तर? मला राहून राहून वाटतं की तू वेळेवर सुटलास म्हणून आयटीआय झाला, शिरोलीला काम मिळालं, आज स्वतःची दोन लेथ मशिनं आहेत. मग लगेच वाटतं की हे मी माझ्या सोयीनं म्हणतोय. तुझ्या डाव्या पायासारखा पाय मी नंतर बघितला नाही, आणि हे तुझ्या तोंडावर मी कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मी साहेबांपुढं एक मधला मार्ग ठेवला होता. लवंगीनं दहावी घरी राहून करावी, तिकडंच खेळावं, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत इथं कॅम्पला यावं, दर तीन महिन्यांनी मी उंची मोजीन आणि सोळाव्या वर्षी परत बघू. साहेब म्हणाले, “अशी खाट आपल्याकडं कागदावर नाही.” खाटच लागत नाही साहेब, असं म्हणायचं मला नंतर सुचलं, जेवताना. उद्या परत जाऊन म्हणणार आहे.

पण तो मार्ग चालायला तिकडं माणूस हवं. तू कामाला दर आठवड्याला गडहिंग्लजला जातोस. तिथल्या मैदानावर अर्धा तास थांब, त्याचा खेळ बघ. मी पाठवलाय हे सांगू नकोस. त्याला सोळाच्या वरच्यांत रोज घासू देऊ नका, आणि कोल्हापुरात कुणी त्याला लगेच मोठ्या सामन्यात उतरवायला निघालं तर आडवा पड. शाहू स्टेडियमवर दहा हजार माणसं ओरडायला लागली की चौदाच्या पोरालाही वाटतं आपण पोचलो. तालमीत घ्यायचाच असेल तर तुमच्याकडं घ्या, मी तक्रार करणार नाही. पीटीएमच्या माणसानं हे लिहून दिलंय, जपून ठेव.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिमीची सीईटी कधी आहे, तिला म्हणावं फिजिक्सला घाबरू नको, बापावर गेली नसली तर सुटेल. काकूंचा मोतीबिंदू काढला का? पावसाआधी करा. आमच्याकडं सगळे मजेत. बायको म्हणते बंड्याभावजींना आंबोलीमार्गे एक दिवस येऊ दे की. येताना तांबड्याचा मसाला आण. इथं मासे उदंड, पण लवंगी आणि मी दोघंच भाकरीला रडतो.

लाल की हिरवा ते महिनाअखेरीला ठरेल. त्याआधी तुझं उत्तर हवं. फोन चालेल, पण पहिली दहा मिनिटं मी बोलणार. लेस परत कर.

तुझा,
सुऱ्या

ता. क. ऑफसाइड नव्हता.