काळ्या कातळाचे भाऊबंद

अंधेरी (पश्चिम), मुंबई

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षात ग्रँड कॅन्यन, ऑस्ट्रेलियातला उलुरूचा खडक, व्हिक्टोरिया आणि इग्वासू धबधबे, नॉर्वेचे फियॉर्ड (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्या), शिवाय ग्रेट बॅरियर रीफ असे सगळे उरकून टाकण्याचा तुझा बेत वाचून मला आधी तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटली. सल्ला मागितला आहेस म्हणून स्पष्ट लिहितो. यादी निम्मी कर आणि उरलेली ठिकाणे एका धाग्याने निवड. माझ्या मते तो धागा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा असावा. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीवर चढण्यात तुझे बालपण गेले आहे. हाच दगड परमुलखात भेटला, की तो कसा पाहायचा हे तुला कोणी शिकवावे लागणार नाही.

सुरुवात मात्र माझ्या घराजवळच्या गिल्बर्ट टेकडीपासून कर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर लाव्हा पसरला, त्या उलथापालथीतला हा सुमारे २०० फूट उंचीचा कातळ पूर्वीच्या खाणकामाने तासलेला आणि आज इमारतींनी चहूबाजूंनी वेढलेला उभा आहे. वर गावदेवीचे देऊळ आहे आणि तिथवर दगडातच कोरलेल्या पायऱ्या आहेत. दर्शन अवश्य घे, पण खाली उतरल्यावर त्याचा उभा कडा सावकाश न्याहाळ. तो एकसंध नसून एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या खांबांचा आहे. लाव्हा निवताना आकसतो आणि आकसताना तडकतो. हे तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून खोल उतरत गेले, की असे बहुकोनी खांब तयार होतात. महापालिकेने २००७ साली या टेकडीला वारसा दर्जा दिला खरा. पण तिच्या अंगावर येणाऱ्या इमारती पाहिल्या, की तो फार उशिरा मिळाला असेच वाटते.

हे खांब डोळ्यांत साठवून मग उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेला जा. तिथे असे सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत गेले आहेत. बहुतेक षट्कोनी आहेत, पण पाच किंवा सात बाजूंचेही भेटतात. काहींचे माथे खोलगट असतात आणि त्यांत समुद्राचे पाणी साचून राहते. लाटांच्या जवळचे खांब काळेकुळकुळीत आणि निसरडे असतात, तेव्हा तिथे चपला घालून मिरवू नकोस. आणखी एक विनंती. लोक तिथल्या फटींत नाणी ठोकतात, ती गंजून फुगतात आणि दगड फुटतो. गोदावरीत नाणे टाकण्याची तुझी सवय निदान तिथे आवर.

झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरियाला मात्र पुरेसे दिवस ठेव. १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर खोल कोसळणारी झांबेझी नदी पाहून छाती दडपते, यात शंकाच नाही. पण खरी गंमत खालच्या घळींत आहे. बेसाल्टमधल्या कमकुवत भेगा कोरत कोरत हा धबधबा लाखो वर्षे मागे सरकत आला आहे आणि खालची प्रत्येक नागमोडी घळ ही त्याची एकेकाळची जागा आहे. १९०५ साली बांधलेल्या पुलावर उभा राहिलास, की हा सारा इतिहास पायाखाली उलगडतो. एप्रिलच्या सुमारास नदीला इतके पाणी असते, की उसळणाऱ्या तुषारांमुळे समोरचा धबधबाच दिसेनासा होतो. मी त्याच दिवसांत गेलो होतो आणि बराच वेळ नुसता चष्मा पुसत होतो. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो. म्हणून जुलै-ऑगस्ट धर आणि झिंबाब्वेची बाजू चुकवू नकोस.

इग्वासूचा दगडही त्याच जातीचा, पण आपल्यापेक्षा दुप्पट जुना. बहुतेक धारा अर्जेंटिनात आहेत आणि त्यांचा समग्र देखावा ब्राझीलमधून दिसतो, तेव्हा दोन्ही तीरांना एकेक दिवस दे.

उलुरू बेसाल्टचा नाही, वालुकाश्माचा आहे. तरीही तो यादीत राहू दे. २०१९ पासून त्यावर चढायला बंदी आहे, कारण तिथल्या अनांगू लोकांसाठी तो पवित्र आहे. पायथ्याची सुमारे दहा किलोमीटरची वाट मात्र खुली आहे, आणि श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्या तुला त्या वाटेत नवखे वाटायचे कारण नाही. ग्रँड कॅन्यन, फियॉर्ड आणि ग्रेट बॅरियर रीफ माझ्याकडून खोडले समज.

ब्राझीलचे नक्की झाले, तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घे आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेव, कारण परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. व्हिसाच्या कामाला मुंबईस येशील तेव्हा मुक्काम आमच्याकडेच कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीराम