अल्पवयीनाची ‘कबुली’ आणि बातमीचा मथळा

महोदय,

‘अल्पवयीन मुलाने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी पेपरात वाचतो. सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून मी 29 वर्षे काढली. आमच्याकडे पोलिसांपुढची असली कबुली पुराव्यात येतच नसे.

निवेदन पंचनामा (आरोपी पंचांसमोर जे सांगतो त्याची पोलिसांनी केलेली नोंद) निघायचा : ‘मी त्याला कोयत्याने मारले. कोयता विहिरीत टाकलाय, चला दाखवतो.’ न्यायाधीश साहेब पहिले वाक्य गाळायला लावत. निशाणी (पुरावा म्हणून दिलेला क्रमांक) पडे ती विहिरीच्या भागावर, तीही पंचांसमक्ष कोयता निघाला असेल तर. पुलुकुरी कोटय्या खटल्यातला प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या न्यायालयाचा) हा निवाडा वकिलांना तोंडपाठ असे. 1872 च्या पुरावा कायद्यातली 25 ते 27 ही कलमे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या एकट्या कलम 23 मध्ये आली. आकडा बदलला, अर्थ तोच.

हे झाले मोठ्यांचे. मुलांसाठी बाल न्याय कायद्याखालचे केंद्राचे 2016 चे आदर्श नियम आणखी पुढे जातात. हातकडी नाही, कबुलीची सक्ती नाही आणि (हे किती जणांना ठाऊक आहे?) कुठल्याही जबाबावर मुलाची सही मागायची नाही. विचारपूस चालू असताना आई-बाप शेजारी बसू शकतात. चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यायचे.

आमच्या आळीत भाजी विकणाऱ्या बाईंच्या पोराला मोटारसायकल चोरीत उचलले. चार कागदांवर सह्या घेतल्या, आई बाहेर बाकावर. रात्री ती दारात आली. ‘भाऊ, सही केली म्हंजी संपलंच का?’ म्हटले, त्या कबुलीला मंडळापुढे कवडीची किंमत नाही. तिला जरा धीर आला. सकाळी एका पेपरात (आपल्या नव्हे) ‘कबुली’ छापून आली. मुलाचे नाव नव्हते, पण शाळा, इयत्ता, ‘भाजीविक्रेतीचा मुलगा’ हे सगळे होते. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार शाळाही छापता येत नाही. मंडळापुढे अजून तारखाच पडताहेत. पोरगा त्या दिवसापासून शाळेत गेलेला नाही.

आपल्या बातमीदारांनी निदान ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ एवढे तरी लिहावे. आणि ठाण्यात गेलेच आहेत तर सही घेतली का, हेही विचारून यावे.

– एक निवृत्त लघुलेखक, सातारा
(नाव-पत्ता संपादकांकडे)